आत कोणी नाही

रिकाम्या यादीला घाबरणारी बाई मी आयुष्यात एकच पाहिली. बाकीच्यांना यादी लांबली की घाम फुटतो. आमच्या कारखान्यातल्या कॉम्प्युटरच्या खोलीत बसणाऱ्या बाईंचं उलटं होतं. प्रिंटरमधून कोरा कागद बाहेर आला की त्या खुर्चीत ताठ होत, पदरानं चष्मा पुसत आणि म्हणत, "पुन्हा." परत तेच बटण, परत कोरा कागद, परत "पुन्हा." एखादी चूक तीनदा डोळ्यांदेखत घडल्याशिवाय त्या ती मान्य करत नसत, आणि एखादी गोष्ट पन्नासदा बरोबर आली तरी तिच्यावर त्यांचा भरवसा बसत नसे. तोंडावर आम्ही त्यांना मॅडम म्हणत असू आणि पाठीमागे पुन्हाबाई. हे नाव मीच ठेवलं होतं, आणि तेव्हा मला त्याचा फार अभिमान वाटे.

मी टाइम ऑफिसात होतो, म्हणजे कोण किती वाजता आला आणि किती वाजता गेला याची नोंद ठेवणारा. गाव कन्नडच्या बाजूचं, घरी मेंढरं. माझे वडील संध्याकाळी मेंढरं वाड्यात घेताना कधी मोजत नसत, एकेकीच्या तोंडाकडं बघत. मी शाळेत जाऊन शहाणा झालेला, त्यांना विचारायचो की नुसतं बघून कसं कळतं. ते म्हणायचे, "मोजताना चुकतं बाबा, वळखताना नाय चुकत." चिकलठाण्याच्या रसायनांच्या कारखान्यात नोकरी लागल्यावर मी ते सगळं विसरलो, कारण आता मोजायला कॉम्प्युटर होता.

नव्वदीच्या सुरुवातीची ती वर्षं. शहराच्या चारी अंगांनी शेड उभ्या राहत होत्या, गावागावांतून पोरं एसटीनं येऊन ठेकेदाराच्या रांगेत उभी राहत होती. आणि विद्यापीठाच्या नावावरून पेटलेलं भांडण दीड दशक झालं तरी विझलं नव्हतं. चहाच्या टपरीवर नवा माणूस आला, की आधी त्याचं आडनाव काढून घेत आणि मगच त्याला जवळ सरकू देत. पुन्हाबाई मुकुंदवाडीच्या. वडील रेल्वेत गँगमन, घर बौद्ध, बाई गणितात एम.एस्सी. प्रत्येक कागदावर त्या स्वतःचं नाव, वडिलांचं नाव आणि आडनाव अशी तिन्ही नावं ठसठशीत लिहीत. स्टोअरमधल्या एकानं एकदा खोचकपणे विचारलं, "मॅडम, आडनाव एवढं मोठं कशाला?" बाई मान वर न करता म्हणाल्या, "तुम्हाला विचारायची तसदी पडू नये म्हणून."

येण्याजाण्याच्या सगळ्या नोंदी सांभाळणारा आमचा डेटाबेस बाईंनीच आणला होता. परदेशातल्या एका विद्यापीठातल्या लोकांनी तो बनवला होता आणि यंत्रानं कसं वागावं ते सांगणाऱ्या आतल्या सगळ्या लिखाणासकट फुकट वाटला होता. कंपनीला फुकट हा शब्द आवडला, बाईंना सगळं उघडं असणं आवडलं. कडेला भोकं असलेल्या कागदाच्या लांबच लांब घड्या त्या जमिनीवर पसरून बसत आणि लाल पेन्सिलीनं खुणा करत. मी एकदा म्हटलं, "मॅडम, दुसऱ्यानं लिहिलेलं तुम्ही का तपासताय?" त्यावर त्या एकदम भरून आल्यासारख्या बोलल्या, "भाऊ, यांनी लिहून ठेवलंय की हे कुणीबी वाचा, चुकलं तर सांगा, जमलं तर दुरुस्त करा. माझ्या आज्ज्याला तर वाचायचीच बंदी व्हती. मला कुणी वाच म्हणलं तर मी सोडीन व्हय?" मी चहा मागवला.

आता दोन नंबरच्या शेडविषयी सांगायला हवं. तिथं उकळत्या टाक्या होत्या आणि त्यांतून वायू सुटला तर माणूस चार श्वासांत खाली बसे. म्हणून शेडच्या दारात एक कॉम्प्युटर ठेवला होता. आत जाणाऱ्याचं आणि बाहेर येणाऱ्याचं नाव तिथला माणूस नोंदवी. भोंगा वाजला की मी टाइम ऑफिसातून यादी काढायची, आत कोण राहिलंय ते मैदानात मोठ्यानं वाचायचं आणि मुखवटे लावलेल्यांनी त्यांना आणायला जायचं. एका शनिवारी सकाळी याची तालीम झाली. मी यादी काढली, तिच्यावर एकच ओळ होती: आत कोणी नाही. मॅनेजरसाहेबांनी घड्याळ बघून शाबासकी दिली. पुन्हाबाई मात्र शेडच्या काचेकडं बघत होत्या. काचेआड एक रंगारी टाकीवर बसून निवांत ब्रश मारत होता. त्याला भोंगा म्हणजे जेवणाची सुट्टी वाटली होती आणि भूक नव्हती.

"पुन्हा," बाई म्हणाल्या. मी पुन्हा यादी काढली, पुन्हा आत कोणी नाही. रंगाऱ्यानं आम्हाला हात केला. सगळे हसले, मीही हसलो. बाईंचा चेहरा राखेसारखा झाला होता.

तीन आठवड्यांनी त्यांनी मला बोलावून कारण सांगितलं, आणि मुळात ते माझंच काम होतं. झालं होतं असं की वर्षभरापूर्वी पाण्याच्या नळावर आडनावावरून मारामारी झाली. तेव्हा मी दारावरच्या माणसांना बजावलं होतं की ठेकेदाराच्या कामगाराला आडनाव विचारायचं नाही, तो सांगेल तेवढंच लिहायचं आणि पुढची जागा कोरी सोडायची. मला वाटलं, पुण्याचं काम केलं. पण आपला डेटाबेस नाव आणि आडनाव जोडून माणसाची ओळख धरत होता. आडनाव कोरं असलं की तो अख्ख्या माणसाचीच ओळख कोरी धरी. तालमीच्या दिवशी दगडू नावाचा एक कामगार आडनाव न सांगता शेडमधून बाहेर पडला होता. मग आतल्या प्रत्येकाविषयी यंत्राला प्रश्न पडला, की बाहेर गेलेला तो कोरा माणूस हाच तर नसेल? नक्की सांगता येईना, म्हणून त्यानं एकेकाला यादीतून वगळलं. एक बिनआडनावाचा माणूस बाहेर पडला की आतले सगळे नाहीसे होत.

"नाही आणि माहीत नाही, या दोन गोष्टी एक नव्हेत भाऊ," बाई म्हणाल्या. हे वाक्य पुढं त्यांच्या तोंडी मी इतक्यांदा ऐकलं, की वैतागून एकदा मी कानांवर हात ठेवले होते.

मॅनेजरसाहेबांकडं उपाय तयार होता. "आडनाव सक्तीचं करा. पाच मिनिटांचं काम. तुम्ही एवढा बाऊ का करताय?" बाई उभ्या राहिल्या. "साहेब, मी माझं आडनाव मोठ्या अक्षरात लिहिते. पण ते माझं मी ठरवलंय. ज्याला सांगायचं नाही त्याला, सांग नाहीतर मर, असं मी म्हणणार नाही. खोट मशिनमध्ये आहे, तिथंच काढीन." साहेबांनी हात झटकले. बाईंनी डेटाबेसवाल्यांना पत्र लिहिलं. दीड महिन्यानं उत्तर आलं की हा दोष नव्हे, तो असाच वागावा असं विचार करून ठरवलेलं आहे. बाईंनी ते पत्र टेबलावरच्या काचेखाली ठेवलं आणि आतलं लिखाण स्वतः बदलायला घेतलं. कोरी जागा आली तर यंत्रानं गप्प बसू नये, या माणसाचं मला नक्की माहीत नाही असं नावानिशी सांगावं, एवढीच त्यांची मागणी होती. एवढ्याशा मागणीसाठी त्यांचे चार महिने गेले. दुरुस्ती झाल्यावर मी म्हटलं, आता लावून टाका. तर म्हणाल्या, "शंभरदा चालवल्याबिगर नाय." दर वेळी चालवली की वहीत त्या एक उभी रेघ ओढत.

तोवर काय करायचं, याचा बंदोबस्त त्यांनी माझ्यावर सोपवला होता. शेडच्या दारात खिळे ठोकलेला एक फळा आणि पितळी बिल्ले. आत जाताना बिल्ला लटकवायचा, येताना काढायचा. बाई रोज येताजाता फळ्याकडं बघत. मला विचारत, "भाऊ, बिल्ले नीट हायेत ना?" मी म्हणायचो, "हायेत मॅडम, रात्री स्वप्नातबी तेच दिसत्यात."

त्या जानेवारीत विद्यापीठाच्या नावाचा निर्णय झाला. मुकुंदवाडीत निळे झेंडे लागले, बाकी काही भागांत दुकानांची दारं खाली आली, रस्त्यात पोलिसांच्या गाड्या उभ्या राहिल्या. बाई पांढरी साडी नेसून पेढ्यांचा पुडा घेऊन आल्या. कुणी खाल्ले, कुणी हातात घेऊन विसरल्यासारखं केलं. स्टोअरमधल्या माणसाचा पेढा टेबलावर मुंग्या लागेपर्यंत पडून होता. मी खाल्ला, पण आजूबाजूला बघून खाल्ला. बाईंनी ते पाहिलं. त्यांनी पुड्यातला आणखी एक मला दिला.

पुढच्याच आठवड्यात मुख्य कचेरीतून पाहुणे आले. मॅनेजरसाहेब शेडच्या दारात थबकले. "हा फळा काढा. शेजारी कॉम्प्युटर असताना हे काय भाजीचं दुकान मांडलंय?" तीन दिवसांचा तर प्रश्न, असं म्हणून मी फळा उतरवून कपाटामागं ठेवला, बिल्ले पिशवीत बांधले. बाईंना सांगितलं नाही, आणि पाहुण्यांसाठी कागद काढण्यात गुंतल्यानं त्याही शेडकडं फिरकल्या नाहीत. सांगितलं असतं तर त्यांनी पाहुण्यांसमोर तमाशा केला असता, अशी मला भीती वाटली.

दुसऱ्या दिवशी सकाळी अकराच्या सुमाराला भोंगा वाजला. ती तालीम नव्हती. शेडच्या धुराड्यापाशी पिवळसर काहीतरी तरंगत होतं आणि माणसं तोंडं दाबून पळत होती. मी यादी काढली. मैदानात उभं राहून मोठ्यानं वाचली, "शेड नंबर दोन, आत कोणी नाही." साहेब म्हणाले, "देव पावला." मुखवटेवाले थांबले. मी खरं सांगतो, वाचताना मला दगडूची आठवणसुद्धा झाली नाही. इतकं सुटल्यासारखं वाटलं होतं.

पुन्हाबाई धावत आल्या. "फळ्यावर बिल्ले किती?"

मी हातातली यादी पुढं केली.

"भाऊ, बिल्ले किती हायेत?"

"फळा काढलाय मॅडम. पाहुणे होते."

त्या रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या सरळ शेडकडं निघाल्या. दारात नळाखाली पदर भिजवला, मग तिथल्या कॉम्प्युटरसमोर थांबल्या आणि टाइप करू लागल्या. मी लांबून ओरडलो, "मॅडम, आता नोंद कसली करताय!" त्यांनी नोंद पूर्ण केली, पदर नाकाला लावला आणि आत गेल्या.

थोड्या वेळानं त्यांनी राजू नावाच्या पोऱ्याला काखेत धरून उंबऱ्यापर्यंत ओढत आणलं. आम्ही त्याला बाहेर घेतलं. तो खोकत खोकत म्हणाला, "काशिनाथमामा आत हाय." बाई वळल्या. मी तोवर दारापर्यंत पोचलो होतो. पुढं गेलो नाही. डोळे चुरचुरत होते म्हणून गेलो नाही, असं मी पुष्कळांना सांगितलं आहे. खरं म्हणजे मी भ्यालो. मुखवटे लावून लोक आत गेले आणि दोघांना घेऊन आले, तेव्हा दोघंही गेलेले होते.

मुकुंदवाडीत त्यांच्या दारासमोर आम्ही खाली माना घालून उभे होतो. बाईंचे वडील, वाळलेल्या लाकडासारखा तो म्हातारा, माझ्यापाशी आला. "साहेब, यादी तुम्ही वाचली म्हणं. माझी पोरगी व्हती का तिच्यात?" 

चौथ्या दिवशी मॅनेजरसाहेबांनी मला खोलीत घेतलं आणि दार लावलं. चौकशीवाले येणार होते. "नोंदी अर्धवट आहेत. त्या तिघांच्या बाहेर पडल्याच्या वेळा भरून टाका. दोघा कामगारांच्या भोंग्याच्या आधीच्या भरा, बाईंची नंतरची. यादी बरोबर होती, एवढं दिसलं पाहिजे." मी हो म्हणालो. कॉम्प्युटरसमोर बसलो. वेळ भरायला चार आकडे लागतात.

मग बाईंच्या टेबलावरची वही मी उघडली. त्र्याण्णव रेघा होत्या. त्यांची दुरुस्ती कशी चालवायची, ते मला बघून बघून पाठ झालं होतं. त्या दिवसाच्या नोंदींवर मी ती चालवली. प्रिंटर खडखडला आणि कागदावर नावं आली. काशिनाथ, आडनाव नोंद नाही. राजू, आडनाव नोंद नाही. आणि तिसरी ओळ बाईंची, तिन्ही नावांची. दगडूचंही नाव खाली वेगळं होतं, त्या सकाळीही आडनाव न सांगता बाहेर पडलेला म्हणून. मी पुन्हा चालवली. एकूण सातदा चालवली, सातही वेळा तीच तीन नावं आत होती. पुढं आमच्यापैकी एकानं ती दुरुस्ती परदेशी पाठवली, आणि त्यांनी ती आभार मानून आपल्यात घेतली. पण त्या दुपारी मला त्याचं काही नव्हतं. मी वेळा भरल्या नाहीत. एक प्रत चौकशीच्या साहेबांच्या हातात दिली, आणि महिनाभरात माझी नोकरी गेली.

दुसरी प्रत घेऊन मी मुकुंदवाडीला गेलो. म्हाताऱ्याला वाचता येत होतं, लेकीनंच शिकवलं होतं. त्यानं बोट ठेवत ठेवत तिसरी ओळ वाचली आणि बोट शेवटच्या रकान्यात थांबवलं.

"इथं काय लिव्हायचं ऱ्हायलंय?"

"बाहेर आल्याची वेळ," मी म्हणालो. "ती भरा म्हणत होते. मी नाय भरली."

त्यानं त्या कोऱ्या जागेवरून एकदा बोट फिरवलं. मग कागदाची घडी घालून त्यानं ती माझ्याच खिशात ठेवली आणि म्हणाला, "मग तुम्ही इथंच बसा जरा. लगेच जाऊ नका."

मी संध्याकाळपर्यंत बसलो.