पट्ट्यावरची पाखाडी

पार्वतीमावशी चालण्याच्या सरकत्या पट्ट्यावर चढण्याआधी बूट काढायच्या. "गौर आणायला कुणी बूट घालून जातं का?" असं विचारायच्या. आमची फिजिओथेरपिस्ट स्नेहल हसत ते बूट पुन्हा त्यांच्या पायांत घालायची.

हृदयविकाराच्या झटक्यानंतर माजिवड्याच्या पुनर्वसन केंद्रात आम्ही शेजारच्या पट्ट्यांवर चालायचो. छातीला तारा चिकटवलेल्या, समोर पडद्यावर आपापल्या काळजाची हिरवी रेघ. मी डोंबिवलीहून यायचो. घरातला पहिला पदवीधर, डॉक्टर सांगतील ते पाठ करणारा. पण पट्टा सुरू झाला की भीतीने दांडी घट्ट धरायचो. मावशी मात्र डोळे अर्धे मिटून चालायच्या.

"कुठं पोचलास रे?" एकदा त्यांनी विचारलं.

"कुठं म्हणजे? इथंच आहे."

"मग दमणारच! मी बघ, वहाळाशी आले."

तो वहाळ म्हणजे त्यांच्या रत्नागिरीकडच्या गावातला ओढा. भाद्रपदात तिथून तेरड्याची गौर घ्यायची आणि दगडी पायऱ्यांची पाखाडी चढून घरी आणायची, हा मोठ्या सुनेचा मान त्यांचा होता. यंदा मात्र काका, म्हणजे त्यांचे यजमान, आडवे आले होते. "धाकटी आणेल गौर. तू ओसरीवर बस." मावशी फक्त "बघू" म्हणायच्या आणि चालत राहायच्या. त्यांच्या शेजारी चालताना मलाही तेरड्याचा ओला वास आल्यासारखा वाटायचा.

एके दिवशी स्नेहलने पट्ट्याला चढ दिला. मावशी गप्प झाल्या.

"मावशी, बोला! चालताना बोलता आलं पाहिजे."

उत्तर नाही. स्नेहलने घाबरून पट्टा थांबवला.

"काय गं हे!" मावशी उखडल्या. "अर्ध्या पाखाडीत थांबवलंस! गौर हातात असताना बोलत नाहीत. उंबऱ्यावर आली की मगच."

"पण गप्प राहिलात, तर दम लागलाय की नाही, हे कळायचं कसं?"

बाकावर बसलेल्या काकांनी हे ऐकलं. डॉक्टरांनी पाखाडी सावकाश चढायला परवानगी दिली, तेव्हा त्यांनी अट घातली. "बोलत चढायचं. गप्प झालीस की गौर धाकटीच्या हातात."

मावशींचा चेहरा उतरला. गावी निघेपर्यंत त्या पट्ट्यावर मुकाट चालल्या. स्नेहलने हटकलं की नुसती मान हलवायच्या, मग पट्टा थांबायचा.

गौरी यायच्या दिवशी मी संध्याकाळभर फोन जवळ घेऊन बसलो होतो. तो वाजला तसा उचलला.

"आणली रे!" पलीकडे मावशी होत्या, मागे बायकांचा गलका. "पहिल्या पायरीवर गौरीला म्हटलं, बाई, आजवर मी गप्प राहिले, यंदा तू राहा. मग सगळं सांगितलं तिला. झटका, ती पोरगी, तिचा तो बुटांचा हट्ट. तुझंही सांगितलं."

"माझं काय सांगितलं?"

"एक पोरगा आहे म्हटलं, रोज चालतो आणि कुठंच पोचत नाही."

मावशी मग गावीच राहिल्या. माझ्या शेजारचा पट्टा काही दिवस रिकामा होता. एका सकाळी स्नेहल म्हणाली, "दादा, बोला काहीतरी."

मी डोळे अर्धे मिटले. दांडीवरचा हात सैल झाला.

"गावच्या शाळेच्या वाटेवर आहे," मी म्हणालो. "ओढा ओलांडलाय. घंटेच्या आत पोचेन."