म्हणाली, की पुटपुटली?

बाळांनो, तुमची गोष्ट पोचली. धाकटीने लिहिलेली आणि थोरल्याने तपासलेली दिसते. मला आवडली, पण तिच्यातलं प्रत्येक माणूस नुसतं 'म्हणतं'. आजी म्हणाली, चोर म्हणाला, पोलीसही म्हणाला. आमचे कॉलेजातले इंग्रजीचे सर उलट्या चुकीवर लाल शाई ओतत, कारण आमची पात्रं उठसूट गरजायची. मला मात्र हा धडा त्याच्याही आधी श्रीवर्धनच्या घरात मिळाला होता. तो सांगायला आता मी एकटीच उरले आहे, म्हणून लिहिते.

स्वातंत्र्यानंतरची ती पहिली वर्षं. वडील मुंबईत नोकरीला होते. सुपारीच्या दिवसांत रजा काढून येत. माझी आजी ओटीवर बसलेली असे, आणि सासूसमोर सुनेने नवऱ्याशी थेट बोलायचं नाही, अशी रीत होती. त्यामुळे आईचे निरोप मी न्यायची.

"सांग गं त्यांना, पानं वाढलीत."

मी ओटीवर जाऊन सांगे. वडील सुपारी सोलता सोलता विचारत, "म्हणाली, की खेकसली?"

"खेकसली."

"मग उठायलाच हवं!"

"बायकोला एवढा भितोस होय रे?" आजी टोमणा मारी, आणि आत आई पदर तोंडाला लावून हसे.

एकदा ते बोटीने परत निघायच्या आदल्या दिवशी आईने मला चुलीपाशी ओढलं.

"सांग, या खेपेला आम्हालाही न्या म्हणावं."

निरोप ऐकून वडिलांचा हात थांबला. "कशी म्हणाली?"

"पुटपुटली."

ते हातातल्या सुपारीकडेच बघत राहिले. मग म्हणाले, "सांग, खोली मिळाली की... मिळाली की नेतो."

आई माझी वाटच बघत होती. "ठासून म्हणाले?"

"नाही. अडखळले."

"बरं."

तिने भाताचं पातेलं उतरवलं. त्या 'बरं'साठी मला आजवर क्रियापद सापडलेलं नाही. पुढे कधी तुमच्या गोष्टीत असं 'बरं' आलं, तर तिथे 'म्हणाली' एवढंच ठेवा.

खोली मिळाली नाही. काही वर्षांनी शिकायला मी मुंबईला गेले, तेव्हा आई बंदरापर्यंत आली आणि तिथूनच परत फिरली.

दोघांचा आवाज कुठेच साठवलेला नाही. एकत्र फोटोही नाही. ती पुटपुटली आणि ते अडखळले, एवढं शिल्लक आहे.