वरचं दूध

"वरचं दूध घेऊन येते," सिस्टर दाराशी दुसरीला म्हणाली आणि जिना चढून गेली.

ताईच्या सासूबाई बाकावरून उठल्याच. "वरचं नाय द्यायचं. डॉक्टरच म्हणले ना सकाळी?"

मला कळेना. डॉक्टरांनीच तर मागवलं होतं, आणि मिल्क बँक वरच्याच मजल्यावर होती.

काचेपलीकडे निळसर उजेडात ताईची मुलगी निजली होती. दिवस भरायच्या आधी आलेली, मांजराच्या पिल्लाएवढी. ताई ऑपरेशननंतर ग्लानीत होती, तिला अजून दूध आलं नव्हतं. तोवर दान आलेलं आईचं दूध देऊ, असं डॉक्टरांनी भावजींना आणि मला इंग्रजीत सांगितलं होतं. देणाऱ्या बायकांची तपासणी होते, दूध तापवून निर्जंतुक करतात. इतक्या कोवळ्या आतड्यांना पावडरपेक्षा ते सोसतं, आतडी सुजायचा धोका कमी होतो. तेव्हापासून मी मनात त्या बायकाच पाहत होते. कुणी मनमाडची, कुणी गंगापूर रोडची, आपलं बाळ कुशीत निजवून उरलेलं दूध काढून ठेवणारी. ते एकमेकींत मिसळतं, गोठतं, पुन्हा कोमट होतं आणि थेंबाथेंबाने एका अनोळखी पोटात उतरतं. यंत्रांची गुणगुणही मला त्यांच्या अंगाईसारखी वाटत होती.

सिस्टर छोटी सिरिंज घेऊन आली. "आजी, सुरू करू ना?"

"ने माघारी. डब्यातली पावडर नि गायीचं, काय बी पाजाल."

तेव्हा कुठे माझ्या लक्षात आलं. आईचं सोडून बाकी सगळं म्हणजे वरचं दूध. सकाळी डॉक्टरांनी त्यांना मराठीत एवढंच सांगितलं होतं, वरचं बंद.

"घरचे नको म्हणत असतील तर मला देता येणार नाही," सिस्टर म्हणाली. "उपाशी राहील मात्र."

भावजी औषधं आणायला गेले होते. सासूबाई माझ्याकडे वळल्या. "तू बोल की गं. का इंग्रजी शाळेत तोंड उघडायचं शिकवलं नाय?"

योग्य शब्द मला माहीत होता. पण तो बायका पदराआड बोलतात तसा, आणि मी तो कधी उच्चारला नव्हता. सिस्टर वळली. काचेमागे एक इवलीशी मूठ उघडली आणि मिटली.

"मावशी, ते अंगावरचंच आहे," मी सासूबाईंना म्हणाले. "दुसऱ्या आयांचं. पिऊ द्या तिला."