आईने गोळ्या बंद केल्या, टीव्हीवर ऐकून

मंडळी, कॉलनीच्या फलकावर पहिल्यांदाच लिहितेय. घाईत असाल तरी वाचून जा.

आज पहाटे माझी आई न्हाणीघराच्या दारात चक्कर येऊन पडली. तपासायला घरी आलेले डॉक्टर म्हणाले, रक्तदाब फार वाढलाय, गोळ्या चालू आहेत ना?

आई हळूच म्हणाली, "मीच बंद केल्या वं. टीव्हीवरचा डॉक्टर म्हणे, चूर्ण घेतलं का गोळ्याइचं काम नाही. तो मले काहून खोटं सांगन?"

डॉक्टर गेल्यावर मी टीव्ही लावला. सकाळच्या गप्पांच्या कार्यक्रमात पांढऱ्या कोटातला एक पाहुणा त्याच चूर्णाबद्दल बोलत होता. पडद्याच्या तळाशी बारीक अक्षरं आली. अगदी जवळ जाऊन वाचली, तेव्हा कळलं: 'ही जाहिरात आहे. चालू औषधे बंद करू नयेत.' क्षणात ती गेलीही.

आई आता झोपलीय, पण माझा जीव थाऱ्यावर नाही. रोज सकाळी कॉलनीतल्या कितीतरी आजी आमच्याकडेच टीव्ही पाहायला बसतात. आज त्यांना चूर्ण घेता का विचारलं, तर त्यांनी हसून विषय बदलला.

तुमच्या घरच्या आजी गोळ्या घेतात, हे तुम्ही शेवटचं कधी पाहिलंत?