पडद्यावरचा अकरा

नाशकात मला माणूस म्हणून ओळखणाऱ्या एकच होत्या, प्रयोगशाळेतल्या मॅडम. माझं गाव किनवटच्याही पलीकडे. सहावीत शाळा सुटली, लग्न झालं, आणि पोटासाठी इतक्या लांब आले. आधी सातपूरला एका वर्कशॉपमध्ये झाडलोट केली, मग ओळखीनं या कॉलेजात लागले. कंत्राटावर. अजूनही कोणी "मावशी, जरा इकडे या" म्हटलं की आपलं काय चुकलं तेच आधी आठवत बसते.

मॅडमनी मला वही दिली. शाळा सुटल्यापासून पहिल्यांदा कोणी माझ्या हातात पेन दिलं. खोलीत गार करणारं एक यंत्र होतं, त्याचा पंप अखंड धडधडायचा. आत नखाएवढा काळा पापुद्रा. पडद्यावरचा आकडा दर दोन तासांनी लिहायचा. अकरा. त्यांचं माप निराळं, त्यात अकरा म्हणजे बर्फापेक्षा कितीतरी खालचा गारठा, म्हणे.

"पण आत आहे काय, मॅडम?"

"भरलेली एसटी समजा. विजेचे कण बोचकी मांडीवर घेऊन दाटीनं बसलेत. कोणी हलत नाही, म्हणून वीज वाहत नाही. घटस्थापनेला मी विजेचा एक झटका दिला. गाडीला गचका बसला, सगळे वेडेवाकडे सरकले, मधे वाट झाली. आता वाहतेय."

"मग परत नीट बसत का नाहीत?"

"गारठलेत हो. उठायला अंगात ऊब कुठंय? ऊब मिळाली की गेलेच आपल्या जागेवर."

ती वेडीवाकडी बैठक किती दिवस टिकते, यावर त्यांचा प्रबंध अडला होता.

खंडेनवमीला मॅडम घरच्या पूजेसाठी पंचवटीत गेल्या. सातपूरला मी एक शिकले होते: चालत्या मशीनला हार घालायचा नाही. मशीन बंद करायचं, पुसायचं, हळदकुंकू वाहायचं. वर्षभर राबतं, घटकाभर तरी विसावा. मॅडमचं काम निर्विघ्न व्हावं एवढंच मनात होतं. फ्रीज बंद केला तरी तासभर गारच राहतो, मग हे तर त्याचा बाप. मी पंपाचं बटण दाबलं.

वॉचमन दारातून म्हणाला, "काय मावशी, फ्रीजला नारळ? आतलं आइस्क्रीम आम्हालाही द्या की!"

हसले. झेंडूचा हार घातला, आरती केली, त्याला खोबरं दिलं, दोन गोष्टी बोललो. वळून पाहते तर पडद्यावर ऐंशी.

पंप चालू केला आणि समोर स्टूल घेऊन बसले. साठ. चाळीस. दिवेलागणीला अकरा आला तेव्हा रडूच फुटलं. वहीत सगळ्या रकान्यांत अकरा लिहिलं.

दसऱ्याला मॅडम आल्या. आधी माझ्या हातात आपट्याचं पान ठेवलं. "सोन्यासारख्या राहा, मावशी." मग कॉम्प्युटरकडे वळल्या आणि तशाच उभ्या राहिल्या.

"अकराच आहे की, मॅडम," मी म्हणाले.

"अकरा आहे. पण वीज वाहत नाहीये. उठून गेले सगळे." माझ्याकडे वळून विचारलं, "काल लाइट गेली होती का?"

मी मान हलवली. हो.

त्यांनी वही ओढली आणि माझ्या अकरांखाली 'वीज गे' एवढं लिहिलं. मला ते बघवेना. त्या वहीनंच मला माणसांत घेतलं होतं.

"मीच बंद केलं. पूजेला."

मॅडम रागावल्या नाहीत. पंपाच्या फटीत अडकलेली झेंडूची पाकळी त्यांनी चिमटीनं काढली, लिहिलेलं खोडलं आणि खाली लिहिलं: खंडेनवमी, पंप बंद. माझं नाव घातलं नाही. नोकरी राहिली ती त्यामुळंच. हे उपकार मी विसरणार नाही.

पुढं त्यांनी पुन्हा झटके दिले, कितीदा तरी. दर वेळी बैठक निराळीच जमली. ती नऊ दिवसांची काही परत आली नाही.

आकडे आता त्या स्वतः लिहितात. मी फरशी पुसताना पडद्याकडे बघते. अकरा असतो. वही टेबलावर असते, पेन त्यांच्या पर्समध्ये.

यंदा खंडेनवमीला मी हार दाराच्या कडीला बांधला आणि बाहेरूनच हात जोडले. आत पंप धडधडत होता.