अधिवेशन आलं की नालीवर कनात

नागपूरवर, एकेकाळच्या राजधानीवर लिहून राहिलो म्हटल्यावर तुम्ही सरसावून बसले असाल. किल्ला येईल, राजे येतील, संत्रं तर येईलच. यातलं काही येत नाही. नाली येते. नाकाले रुमाल लावा.

गांधीबागेत मामाच्या घरामांगून ती वाहे. वाहे कसली, बसून राहे. काळी, वर साय धरलेली. मामीच्या सैपाकघराची खिडकी बरोबर तिच्यावर. मी काटोलले मॅट्रिक होऊन कॉलेजसाठी इथं आलो, तर पहिल्याच दिवशी वरणाले नालीचा वास. मामी म्हणे, "सवय होते बाबू. मले बारा वर्सं झाले, अजून झाली नाही."

नागपूर आधी मध्यप्रांताची राजधानी. मामा तिथल्या सचिवालयात कारकून. राजधानी गेली, मामाचा कोट राहिला. मंग आम्हाले हिवाळी अधिवेशन भेटलं, वर्षातून काही हप्ते. मुंबईचे साहेब यायच्या आधी झाडाईले गेरू-चुना, रस्त्याले डांबर, अन् आमच्या नालीवर पांढरी पावडर फेकून समोर कनात. साहेब गेले की कनात गेली. मले नालीपेक्षा त्या कनातीचीच किळस जास्त ये.

एका वर्षी अधिवेशनातच आमच्या गल्लीत कापडाच्या दुकानाचं उद्घाटन कराले मंत्री येणार होते. मोहल्ल्यानं ठरवलं, त्याईच्यासमोर कनात पाडाची अन् नालीवर फरशा मागाच्या. बोलाचं कोण? मामा म्हणे, "आपलं बोलणं ऐकून ते लोक हसते. या पोट्ट्याले उभं करा, हा पुण्यावानी बोलते."

मी पुणं पाह्यलं नव्हतं. रेडिओवरच्या बातम्यांची नक्कल करे, तेवढंच. मामीनं तीन दिवस माह्याकडून भाषण घोकून घेतलं. "हसवू नको गा, फक्त फरशा माग."

मंत्री आले. आम्ही कनात ओढली. वास असा आला की हारवाला मांग सरकला. मी सह्यांचा अर्ज त्याईच्या हातात देऊन सुरू केलं, "महोदय, ही नाली..." त्याईनं नाकाले रुमाल लावला अन् दुकानाकडं पाहत म्हटलं, "आम्ही... या प्रश्नी... निश्चितपणे... लक्ष घालू."

नालीकडं एकदाही पाह्यलं नाही. मले किळस आली. नालीची नाही, त्या आवाजाची. अन् तोच आवाज माह्या गळ्यातून निघाला. नाकाले रुमाल, पोट पुढं, तेच वाक्य, तसंच थांबत थांबत. गल्ली फुटली हसून. बंदोबस्तातला हवालदार बी हसला. मंत्र्याईनं अर्ज माह्या हातात परत ठेवला अन् ते गाडीत बसले.

घरी मामानं कोट काढून खुंटीले लावला. मामीनं परातीत कणीक आपटली.

"सारे हसले. मी बी हसली, मलेच लाज वाटून राहिली त्याची. कागद त्याच्या हातात होता गा. दोन मिनिटं तोंड आवरता आलं नाही तुले? तुले काय, तू परीक्षा देशील अन् चालला जाशील काटोलले. पोया मले लाटा लागते इथं, नाक दाबून."