आरत्यांचा फोल्डर

पोरांनो, परवा व्हिडिओ कॉलवर तुम्ही दोघं भांडत होतात. शाळेच्या प्रोजेक्टचा फोल्डर गायब, आणि "मी डिलीट केला नाही" असं दोघंही शपथेवर सांगत होतात. तेव्हा मला भाईंदर पूर्वेची एक केस आठवली. पोलिसातल्या नोकरीत मी बरेच गुन्हे पाहिले, पण त्या केसइतकी भीती क्वचितच वाटली. नावं सांगणार नाही.

गणपतीच्या आदल्या दिवसाची दुपार. अर्धा स्टाफ बंदोबस्ताच्या बैठकीला गेला होता, महिला कक्षात मी एकटी. ठाणे अंमलदार हसत आत आला. "मॅडम, एक बाई आलीये. घरच्या कॉम्प्युटरमधून आरत्या गेल्या म्हणते. रिपेअरवाल्याकडे धाडू का?"

मी तिला आत बोलावलं. तिशीची असेल. खुर्ची ओढून तिने भिंतीला टेकवली आणि दाराकडे तोंड करून बसली. आरत्या हरवलेली बाई अशी बसत नाही. मी दार लोटलं, चहा मागवला आणि हळूहळू विचारत गेले.

नवरा मारायचा. बरीच वर्षं. एका ओळखीच्या वकीलबाईंनी पुरावा ठेवायला सांगितलं, म्हणून ती फोनवर आवाज रेकॉर्ड करायची, वळांचे फोटो काढायची. नवरा तिचा फोन रोज तपासायचा, त्यामुळे ते सगळं घरच्या कॉम्प्युटरवर टाकून फोनवरून पुसायची. ठेवायची आरत्यांच्या फोल्डरमध्ये, खऱ्या आरत्यांच्या खाली, तशीच नावं देऊन. नवरा नास्तिक नव्हता, पण आरत्या ऐकत बसणाराही नव्हता. फक्त गणपतीत घरात आरत्या लागतात, हे तिच्या लक्षात आलं नव्हतं.

सकाळी नवरा रत्नागिरीकडे गावाला गेला. ती आणि सासू रात्रीच्या गाडीने निघणार होत्या. तो गेल्यावर तिने कॉम्प्युटर उघडला, तर फोल्डरच नाही. थोड्या वेळाने वाटेतून त्याचा फोन आला. एवढंच म्हणाला, "उद्या ये तू. मग बघतो."

"तो नेहमीच असं बोलतो का?" मी विचारलं.

"हो. म्हणून तर कळत नाही, मॅडम."

मी साडी नेसून तिच्याबरोबर घरी गेले. सासूला सांगितलं, ऑफिसातल्या मॅडम आहेत. सासू बाहेरच्या खोलीत फुलवाती वळत होती. मी कॉम्प्युटरसमोर बसले.

हरवलेल्या फाइलचा शोध हा चोरीच्या तपासासारखाच असतो. आधी कचऱ्याचा डबा पाहिला, रिकामा. नाव टाकून शोधलं, काही नाही. मग अलीकडे उघडलेल्या फाइल्सची यादी काढली. आदल्या संध्याकाळी एक आरती वाजवली होती, पण ती कॉम्प्युटरवरून नाही, आता काढून घेतलेल्या एका पेनड्राईव्हवरून. म्हणजे कोणीतरी कॉपीऐवजी कट केलं होतं आणि आख्खा फोल्डर उचलला होता. एकच आरती वाजवून पाहिली होती, पहिली. खालचं काही उघडलं नव्हतं. त्याला अजून कळलं नव्हतं.

पण पेनड्राईव्ह त्याच्या खिशात असला, तर उद्या साऱ्या भावकीसमोर स्पीकरवर एकामागून एक आरत्या वाजणार होत्या. त्या घरात त्या वेळी ही बाई उभी असणार होती.

मी सासूजवळ जाऊन बसले. सहज विचारलं, गावाला आरत्या कोण म्हणतं?

"कोण म्हणणार? पोरांना दोन कडवी येतात, पुढं नुसत्या टाळ्या. गावात नेटपण चालत नाही. म्हणून मीच मुलग्याला सांगितलं, त्या पेनड्राईव्हात भर सगळ्या."

"मग नेला का त्याने?"

"त्याच्याकडं देते होय? गेल्या वर्षी कापूर विसरला होता. पूजेचं सगळं माझ्या पिशवीत."

मग मी कोण आहे ते सांगितलं. तिने पिशवी मांडीवर ओढली आणि दोन्ही हातांनी धरली. पोलीस आमच्या घरात कशाला, एवढंच पुन्हा पुन्हा म्हणत राहिली. मी जोर केला नाही. सून पुढे झाली. "आई, एकदाच ऐका."

किती वेळाने कोण जाणे, तिने पेनड्राईव्ह काढून दिला. सुनेने खालची एक फाइल लावली. त्याचा आवाज, भांडं पडल्याचा आवाज, रडणं. आणि मग अगदी जवळून म्हाताऱ्या बाईचा आवाज: "शेजारी ऐकतील रे. टीव्ही मोठा कर."

सासूने मान वर केली नाही. तेवढ्यात तिचा फोन वाजला. मुलगाच होता, आवाज आम्हालाही ऐकू येत होता.

"ती फोन का उचलत नाही?"

एका शब्दावर सगळं जाणार होतं.

"फुलं आणायला गेलीय," सासू म्हणाली. "फोन इथंच राहिलाय."

"आली की लाव म्हणावं. आणि रात्रीची गाडी चुकवू नका."

इमारतीतले दोन पंच बोलावून मी पेनड्राईव्ह आणि कॉम्प्युटर जप्त केले, पंचनामा करून सील केले. गुन्हा नोंदवला, गावच्या ठाण्याला कळवलं. सुनेला संध्याकाळीच पेणकरपाड्याला भावाकडे पोहोचवलं. सासूलाही म्हटलं, तुम्ही जाऊ नका.

ती पिशवी आवरत होती. "मी गेले नाही तर तो परत येईल," ती म्हणाली. "तुमची माणसं तिथं पोचेपर्यंत मी त्याला जेवायला बसवते."

दुसऱ्या दिवशी दुपारी तिकडून फोन येईपर्यंत माझ्या हातून काही काम झालं नाही. त्याला घरातूनच ताब्यात घेतलं होतं. पानावरून उठवलं म्हणाले, आणि आई वाढत होती.

प्रशिक्षणात शिकवतात की घाबरलेला साक्षीदार खोटं बोलतो. ते खरंच आहे. पण तो कोणाला वाचवायला खोटं बोलतोय, ते मी त्या केसनंतर पाहायला लागले. वर्षानुवर्षं ती बाई मुलासाठी खोटं बोलत आली होती. त्या दुपारी तीच भीती, तोच आवाज, फक्त बाजू बदलली. तिला पुढे साक्षीला बोलावलं तेव्हा ती आली, आणि टीव्ही मोठा करायला कोणी सांगितलं, हे तिने न विचारताच सांगितलं.